कथेची पत आणि प्रेक्षकाचा हिशेब

घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांतील व्यापारी कुटुंबांत संध्याकाळचे एक-दोन तास बहुधा टीव्हीसमोर जातात. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याची रीत जेथे पाळली जाते तेथे सातच्या सुमारास स्वयंपाकघर मोकळे झालेले असते, आणि मालिकांची मुख्य वेळही तेव्हाच सुरू होते. मसजिद बंदर, काळबादेवी किंवा झवेरी बाजारातून निघालेले पुरुष लोकलने घरी पोहोचेपर्यंत घरातील स्त्रियांचे दोन-तीन भाग पाहून झालेले असतात. मध्येच जाहिराती लागल्या की आवाज कमी केला जातो. त्या दोन-तीन मिनिटांत आजी, सासूबाई, सूनबाई आणि अभ्यासाचे पुस्तक हातात धरून तेथेच बसलेली नात यांच्यात जे बोलणे होते, ते वृत्तपत्रातील परीक्षणापेक्षा अधिक परखड असते. ही नायिका एवढे सोसते तरी तोंड का उघडत नाही, एक प्रश्न विचारला असता तर महिनाभराचा गैरसमज मिटला नसता का, घरातील कर्त्या पुरुषाला स्वतःच्या घरात काय चालले आहे ते कधीच कसे कळत नाही, असे प्रश्न सहजपणे विचारले जातात. जाहिराती संपतात, आवाज पुन्हा वाढतो आणि प्रश्न तेथेच राहतात.

या बोलण्याची नोंद कोठेही होत नाही. मालिका किती घरांत पाहिली गेली याचा आकडा दर आठवड्याला निघतो. ती पाहताना लोक काय म्हणाले याचा आकडा निघत नाही. वास्तविक, या बोलण्यात कथाकथनाविषयीचा एक जुना आणि पक्का विचार आहे, आणि तो व्यापाऱ्याला चटकन उमगावा असा आहे. कथा सांगणारा ऐकणाऱ्याकडून विश्वास उधार घेतो. पुढे काहीतरी घडेल, या दुःखाला अर्थ असेल, या रहस्याचा उलगडा होईल, या भरवशावर प्रेक्षक आपला वेळ देतो. दिलेला शब्द पाळला की कथेची पत वाढते. तारीख पुढे ढकलली जाऊ लागली की बाजारात व्यापाऱ्याचे होते तेच कथेचे होते.

मुंबईला टीव्हीची ओळख झाली ती 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळीचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले तेव्हा. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने घराघरांत पोहोचली ती याच केंद्रावरून. 7 जुलै 1984 रोजी ‘हम लोग’ सुरू झाली. मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन त्या दिवशीच्या प्रसंगाविषयी प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. मेक्सिकोत मालिकांच्या माध्यमातून लोकशिक्षणाचा जो प्रयोग झाला होता, त्यावरून या मालिकेची कल्पना सुचली होती. प्रेक्षकांची पत्रे हजारोंच्या संख्येने येत आणि पात्रांची लग्ने कशी व्हावीत याविषयीही लोक कळवीत. प्रेक्षकांचे मत पोस्टाने, त्यांच्याच शब्दांत पोहोचण्याचा तो काळ होता.

पुढच्याच वर्षी आलेली बासू चॅटर्जी यांची ‘रजनी’ व्यापारी वर्गाला अवघड वाटावी अशी होती. प्रिया तेंडुलकर यांनी रंगवलेली ही गृहिणी कधी गॅसच्या सिलिंडरसाठी तर कधी टॅक्सीवाल्यांच्या मनमानीसाठी भांडत असे. मुंबईच्या टॅक्सीचालकांनी मालिकेचा निषेधही केला. तरीही दुकानदारांच्या घरांत ती आवडीने पाहिली गेली, कारण तिची तक्रार खरी होती आणि प्रत्येक भागात ती कोठल्या तरी निकालापर्यंत पोहोचत असे. ‘मालगुडी डेज’, ‘वागळे की दुनिया’, ‘भारत एक खोज’ यांसारख्या त्या दशकातील मालिका मोजक्या भागांच्या होत्या. ‘भारत एक खोज’ 53 भागांत पूर्ण झाली. शेवट कोठे करायचा हे ठाऊक असल्यामुळे मधला प्रत्येक प्रसंग त्या दिशेने चालत असे.

बदल झाला तो मालिका रोज येऊ लागल्यावर. 1994 मधील ‘शांती’ आणि मराठीत त्याच दशकातील ‘दामिनी’ यांनी रोजच्या भेटीची सवय लावली. 15 ऑगस्ट 1999 रोजी अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि ‘आभाळमाया’ने नोकरी करणाऱ्या मराठी स्त्रीच्या घरातील ताण अनेकांच्या दिवाणखान्यात आणले. 3 जुलै 2000 रोजी ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि विराणी नावाचे गुजराती व्यापारी कुटुंब देशभर पोहोचले. ही मालिका 6 नोव्हेंबर 2008 पर्यंत चालली आणि तिचे 1,833 भाग झाले. अर्ध्या तासाचा एक भाग धरला तर हा हिशेब 916 तासांवर, म्हणजे अडतीस दिवस आणि अडतीस रात्री, जातो. मराठीत ई टीव्हीवरील ‘चार दिवस सासूचे’ 2001 पासून अकरा वर्षे चालली आणि तिने तीन हजार भागांचा टप्पा ओलांडला.

इतकी लांब कथा कोणत्या आधारावर उभी राहते, हाच प्रेक्षकांच्या परखड मतांमधील पहिला मुद्दा आहे. ‘क्यूंकि’मधील मिहिर विराणीचा मृत्यू दाखवला गेला तेव्हा प्रेक्षकांनी हळहळ आणि संताप व्यक्त केला, आणि काही काळाने मिहिर परत आला. पुढे हीच भूमिका एकामागून एक तीन नटांनी केली. त्या वेळी प्रेक्षकांना आपला विजय झाल्यासारखे वाटले असेल. परंतु त्या विजयाची किंमत नंतर चुकवावी लागली. मेलेला माणूस परत येऊ शकतो हे एकदा कळल्यावर पुढच्या कोणत्याही मृत्यूवर डोळे भरून येण्याचे कारण उरत नाही. त्यानंतर स्मृतिभ्रंश, चेहरा बदलणारी शस्त्रक्रिया, हुबेहूब दिसणारी दुसरी व्यक्ती आणि वीस वर्षांची झेप हे कथेतील चलनी नाणे झाले. चलन फार छापले की त्याचे मोल घसरते, हे अर्थशास्त्र कथेलाही लागू पडते.

जैन कुटुंबांना या लांबणीची परीक्षा घेण्याची संधी दरवर्षी आपोआप मिळते. पर्युषणाचे आठ दिवस, किंवा दशलक्षण पर्वाचे दहा दिवस, अनेक घरांत टीव्ही बंद असतो. प्रवचन, प्रतिक्रमण आणि उपवास यांत संध्याकाळ जाते. पर्व संपल्यावर टीव्ही पुन्हा सुरू होतो आणि मालिकेत काय घडून गेले असेल अशी थोडी उत्सुकता असते. बहुतेक वेळा ज्या लग्नाची तयारी चालू होती तिची तयारी अजून चालूच असते, आणि ज्या दारामागे कोणीतरी काहीतरी ऐकले होते ते अजून सांगितलेले नसते. आठ दिवस न पाहताही काही चुकत नसेल, तर ते आठ दिवस प्रेक्षकांना नेमके काय दिले जात होते? हा प्रश्न धर्माचा नाही, मालाच्या वजनाचा आहे. पोते उघडून पाहिल्यावर निम्मा भुसा निघाला तर कोणताही घाऊक व्यापारी त्या पेढीचा माल पुन्हा न तपासता घेणार नाही.

दुसरा मुद्दा व्यापाराच्या चित्रणाचा आहे आणि तो या वाचकवर्गाच्या अधिक जवळचा आहे. हिंदी आणि मराठी मालिकांतील किती कुटुंबे उद्योजकांची असतात हे पाहिले तर या वर्गाला संतोष वाटावा. परंतु त्या कुटुंबांत धंदा कधी दिसत नाही. पुरुष सूट घालून न्याहारीच्या टेबलावर बसतात, दिवसाढवळ्या घरी असतात आणि एका सहीने सगळी मालमत्ता खलनायिकेच्या नावावर होते. माल कोठून येतो, उधारी कोणाकडे अडकली आहे, परतावा वेळेत भरला की नाही, दिवाळीपूर्वी कारागिरांचे पैसे कसे उभे करायचे, यांपैकी काहीही तेथे नसते. ‘होणार सून मी ह्या घरची’मधील श्रीचा ‘गोखले गृहउद्योग’ प्रेक्षकांना आवडला तो त्या घरातील प्रेमळ सासवांमुळे. गृहउद्योगाची कीर्द-खतावणी मात्र कोणी फारशी पाहिली नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधील राधिकेने मसाल्यांचा व्यवसाय सुरू केला तेव्हा अनेक स्त्रियांना मनापासून आनंद झाला. हा व्यवसाय पाहता पाहता कोट्यवधींच्या उलाढालीपर्यंत गेला, तेव्हा मसाल्याच्या बाजारात पिढ्या घालवलेल्या कुटुंबांत हसू फुटले असणार.

खरा व्यवसाय कसा उभा राहतो याचे उदाहरण शोधण्यासाठी मुंबईबाहेर जाण्याची गरज नाही. 15 मार्च 1959 रोजी गिरगावात सात स्त्रिया इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. समाजसेवक छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून उसने घेतलेले 80 रुपये हेच त्यांचे भांडवल होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली आणि ती भुलेश्वरातील एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडे विक्रीला गेली. तोटा झाला तरी कोणाकडे देणगी मागायची नाही असे त्यांनी ठरवले होते. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड करून हलके पापड स्वस्तात विकण्याचा प्रयोग त्यांनी केला. एकच उत्तम प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, असा सल्ला छगनबापांनी दिला. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाट आणि शेगडी विकत घेऊन, खाटेवर पापड आणि खाली शेगडी अशी युक्ती केली गेली. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती. आज ‘लिज्जत’ हे नाव घराघरांत आहे.

या हकिकतीत कोणी विष कालवत नाही, कोणी जिन्यावरून ढकलले जात नाही, तरी तिच्यात उत्कंठा आहे. 80 रुपये परत करता येतील का, पाऊस थांबेपर्यंत सात घरांनी कसे निभवायचे, हलका माल विकण्याचा मोह आवरायचा का, या प्रत्येक प्रश्नात माणसाच्या स्वभावाची कसोटी आहे. मालिकांच्या लेखकांनी एखादा महिना मशीद बंदरच्या गाळ्यात किंवा मुलुंडच्या किराणा दुकानात घालवला, तर त्यांना संकटे बाहेरून आणावी लागणार नाहीत. दोन भावांनी पेढी वाटून घेण्याचा दिवस हाच कोणत्याही कटापेक्षा अधिक हृदयद्रावक असतो. त्या दिवशी कोणीही खलनायक नसतो आणि दुःख सगळ्यांनाच होते.

या बाबतीत एक सन्माननीय अपवाद सांगितला पाहिजे. ‘चित्रलेखा’ साप्ताहिकात 1971 पासून तारक मेहता यांचे विनोदी सदर प्रसिद्ध होत असे. त्यावर आधारलेली ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’ 28 जुलै 2008 रोजी सुरू झाली आणि तिने चार हजारांहून अधिक भागांचा पल्ला गाठला. गोरेगावची गोकुळधाम सोसायटी, तिच्यातील कच्छी दुकानदार जेठालाल गडा, त्याच्या शेजारी शिकवण्या घेणारे सेक्रेटरी आत्माराम भिडे, दुकानात वर्षानुवर्षे पगारवाढ मागणारे नट्टू काका आणि गोंधळ घालणारा बाघा, ही मंडळी उपनगरात राहणाऱ्या कोणालाही परकी वाटत नाहीत. जेठालाल दुकानात जातो, गिऱ्हाइकाशी बोलतो, फसतो, घाबरतो आणि वडिलांसमोर नमतो. गुजराती दुकानदार आणि मराठी मास्तर यांची कुरबुर आणि मैत्री हे या उपनगरांचे जितेजागते चित्र आहे. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी एकत्र बसून पाहावी अशी मालिका म्हणून तिचे ऋण मान्य केले पाहिजे.

मान्य केलेल्या ऋणासोबत थकलेली बाकीही लिहावी लागते. जेठालालच्या पत्नीची, दयाची, भूमिका करणाऱ्या दिशा वाकाणी 2017 मध्ये प्रसूतीच्या रजेवर गेल्या. कलाकाराला आपले आयुष्य आहे, यात वाद नाही. परंतु त्यानंतर वर्षामागून वर्षे दया येणार असे कथेतून सूचित होत राहिले आणि ती आली नाही. लहान मुले तेवढ्या काळात शाळा संपवून महाविद्यालयात गेली. दया आता परत येणार नाही असे कथेने एकदा सांगितले असते, तर लोकांनी ते दुःख पचवले असते. प्रेक्षकांची तक्रार तिच्या न येण्यापेक्षा पुन्हा पुन्हा दिलेल्या तारखांविषयी अधिक आहे.

तिसरा मुद्दा स्त्रियांचा आहे, आणि येथे प्रेक्षक स्त्रियांची मते सर्वांत तीक्ष्ण आहेत. मालिका मुख्यतः स्त्रियांसाठी केल्या जातात आणि त्यांत सर्वांत कमी बुद्धी बहुधा स्त्रियांनाच दिलेली असते. ‘साथ निभाना साथिया’मधील गोपी बहूने लॅपटॉप साबणपाण्याने धुतला तो प्रसंग आजही थट्टेचा विषय आहे. 2020 च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादचा तरुण संगीतकार यशराज मुखाटे याने याच मालिकेतील सासू कोकिळाबेनच्या एका रागावलेल्या संवादाला ताल आणि सूर जोडून ‘रसोडे में कौन था’ हे गमतीचे गाणे केले आणि ते देशभर पसरले. टीकेच्या शंभर लेखांनी जे साधले नसते ते त्या छोट्याशा गाण्याने साधले: रिकाम्या कुकरवरून उभा केलेला आकांत लोकांना ऐकू आला आणि लोक हसले. गंमत अशी की त्या हसण्यातून मालिकेची आठवण ताजी झाली आणि त्याच वर्षी तिचा दुसरा अध्याय पडद्यावर आला. बाजार टीकेचीही जाहिरात करून घेतो, हे त्यावरून दिसले.

याच माध्यमाने स्त्रीचे मन समजून घेतल्याचीही उदाहरणे आहेत. बंगाली ‘श्रीमोयी’वरून मराठीत ‘आई कुठे काय करते!’ आणि हिंदीत ‘अनुपमा’ आली. डिसेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या मराठी मालिकेत मधुराणी प्रभुलकर यांनी साकारलेली अरुंधती ही सगळ्यांचे करता करता स्वतःला विसरलेली गृहिणी होती. नवऱ्याचे दुसरे प्रेम उघड झाल्यावर ती कोसळते, मग हळूहळू गाणे शिकवू लागते, स्वतःची सही आणि स्वतःचे पैसे म्हणजे काय हे तिला कळते. हे भाग पाहताना ज्या घरांत सहसा कोणी काही बोलत नाही, त्या घरांतही आईने तरुणपणी काय सोडून दिले होते याची चौकशी मुलांनी केली असेल, तर ती मालिकेची खरी मिळकत होय. पुढे तीच कथा नोव्हेंबर 2024 पर्यंत ताणली गेली. अरुंधतीचे दुसरे लग्न झाले, त्या पतीचाही मृत्यू झाला, मुलांची लग्ने मोडली आणि जुळली. प्रारंभी जे एका स्त्रीचे उभे राहणे होते ते शेवटी तिच्यावर कोसळणाऱ्या संकटांची यादी होऊन बसले. आरंभीच्या भागांवर प्रेम करणाऱ्यांनीच शेवटच्या भागांवर सर्वाधिक कठोर टीका करावी, हे स्वाभाविक आहे.

वेळेत संपलेल्या मालिकांची आठवण म्हणूनच गोड राहते. सतीश राजवाडे दिग्दर्शित ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ 2012 मध्ये सुरू झाली आणि लोकप्रिय असतानाच त्याच वर्षी संपली. रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील ‘उंच माझा झोका’ने एका लहान मुलीचे शिकत शिकत मोठे होणे दाखवले आणि तिचा विषय संपला तेव्हा तीही संपली. दिलीप प्रभावळकर यांच्या सदरावरून आलेल्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये एका मध्यमवर्गीय घरातील साधीशी घटना त्याच भागात सुरू होऊन त्याच भागात मिटत असे. या तिन्हींत मोठे वाडे नव्हते, दागिन्यांनी मढलेल्या बायका नव्हत्या, आणि एकाच वाक्यावर तीन-तीन चेहरे दाखवणारे ढोल नव्हते.

मग बाकीच्या मालिका तशा का होत नाहीत? लेखकांना येत नाही म्हणून, हे उत्तर अन्यायाचे ठरेल. गोरेगावची चित्रनगरी, मालाड-मढचे बंगले, ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील सेट आणि अंधेरीतील निर्मिती कार्यालये या ठिकाणी चालणाऱ्या कामाचा वेग पाहिला तर ते कळते. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळता साधारण 22 मिनिटांचे चित्रण लागते. आठवड्याला सहा भाग म्हणजे 132 मिनिटे, म्हणजे दर आठवड्याला एका पूर्ण चित्रपटाइतके काम. आज लिहिलेले दृश्य उद्या चित्रित होऊन परवा घराघरांत दिसावे, असा हा कारखाना आहे. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि दिशा ठरते ती दर आठवड्याच्या आकड्यांवरून.

हे आकडे बीएआरसी इंडिया ही संस्था 2015 पासून देते. देशभरातील निवडक घरांतील टीव्हीला तिचे मीटर जोडलेले असते, आणि कोण पाहत आहे ते घरातील माणसे बटण दाबून नोंदवतात. देशात सुमारे 21 कोटी घरांत टीव्ही आणि मीटर असलेली घरे पन्नास हजारांहून थोडी अधिक, म्हणजे साधारण चार हजार घरांमागे एक मीटर. या आकड्यावरून जाहिरातीचा दर ठरतो, आणि जाहिरातीच्या दरावरून नायिकेचे नशीब.

येथे दिवाणखान्यातील परखड मताची खरी अडचण समोर येते. मीटरला टीव्ही चालू आहे की बंद आहे आणि कोणती वाहिनी लागली आहे एवढेच कळते. आवडीने पाहणारा आणि रागाने पाहणारा हे त्याच्या लेखी एकच. एखाद्या खलनायिकेचा कोणाला एवढा संताप आला की तिला काय शिक्षा होते ते पाहण्यासाठी तो माणूस रोज बसू लागला, तर त्याचा संताप नफ्याच्या बाजूला जमा होतो. वर्षानुवर्षे नावे ठेवली गेलेल्या मालिका वर्षानुवर्षे चालल्या यामागे हे एक मोठे कारण आहे. तोंडाने नापसंती आणि रिमोटने पसंती, अशी दुहेरी नोंद प्रेक्षकच करीत असतात.

वेळेचा हिशेबही येथे मांडून पाहावा. रोज एक मालिका, आठवड्याला सहा दिवस, म्हणजे वर्षाला 156 तास. तीन मालिका पाहिल्या तर 468 तास. दुकानाचा दिवस दहा तासांचा धरला तर हे जवळजवळ 47 कामाचे दिवस होतात. करमणुकीवर एवढा वेळ घालवू नये असे कोणी म्हणणार नाही. दिवसभर घरात एकट्या असलेल्या वृद्ध आजींसाठी मालिकेतील माणसे ही सोबत असते, आणि त्या सोबतीची थट्टा करणे निर्दयपणाचे होईल. परंतु वर्षातील 47 दिवस ज्याला दिले, त्याच्याकडून काय मिळाले हे विचारणे ही थट्टा नव्हे. आजींनाही चांगली कथा मिळण्याचा हक्क आहे. किंबहुना त्यांना तो सर्वांत अधिक आहे, कारण त्या सर्वांत अधिक वेळ देतात.

प्रेक्षक अगदीच असहाय नाही. फेब्रुवारी 2019 पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनीची किंमत स्वतंत्रपणे जाहीर करावी लागते आणि हवी तेवढीच वाहिनी निवडता येते. दरमहा आपोआप नूतनीकरण होणाऱ्या संचातील वाहिन्यांची यादी अनेक घरांत कोणी वाचलेलीही नसते. दुकानातील प्रत्येक बिल तपासणाऱ्या माणसाने हे बिलही एकदा तपासावे. आक्षेपार्ह मजकुराविषयी तक्रार करण्याचीही सोय आहे. 2021 च्या नियमांनुसार तक्रार प्रथम वाहिनीकडे करायची असते आणि तिने 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियमन मंडळाकडे जाता येते. अंधश्रद्धेला उत्तेजन देणे हे कार्यक्रम संहितेच्या विरुद्ध आहे, ही गोष्ट फार थोड्या प्रेक्षकांना ठाऊक असते. कंटाळवाणी कथा हा अर्थात तक्रारीचा आधार होऊ शकत नाही. त्यावर उपाय बोटाखालच्या बटणाचाच.

तक्रारीचा उपयोग होतो याचा पुरावा 2017 मध्ये मिळाला. सोनी वाहिनीवरील ‘पहरेदार पिया की’ या मालिकेत अठरा वर्षांच्या मुलीचे लग्न नऊ-दहा वर्षांच्या मुलाशी दाखवले होते. त्याविरुद्ध प्रेक्षकांनी सह्यांचे निवेदन माहिती व प्रसारण मंत्र्यांकडे पाठवले. त्या वेळी हे पद स्मृती इराणी यांच्याकडे होते, ज्यांना देशाने तुलसी विराणी म्हणून ओळखले होते. स्वनियमन मंडळाने मालिका रात्री उशिराच्या वेळेला हलवण्यास सांगितले आणि ऑगस्ट महिना संपता संपता वाहिनीने मालिका बंद केली. दिवाणखान्यात बोलले जाणारे मत कागदावर उतरले तेव्हा त्याला वजन आले.

29 जुलै 2025 रोजी ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’ नव्या रूपात परत आली. पंचवीस वर्षांपूर्वी ती सासूबरोबर पाहणाऱ्या सुना आता स्वतः सासू झाल्या आहेत. त्यांच्या सुना पेढीचे हिशेब संगणकावर ठेवतात, मालाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाइकांना पाठवतात आणि कारखान्यातील कामगारांशी स्वतः बोलतात. या दोघी एका सोफ्यावर बसून तोच पडदा पाहतात तेव्हा त्यांच्यात होणारे बोलणे मालिकेपेक्षा अधिक मोलाचे असू शकते. सुनेने स्वयंपाकघराबाहेर निर्णय घ्यावेत का, मुलीच्या नावावर दुकानातील वाटा असावा का, नवऱ्याच्या चुकीवर आईने कोणाची बाजू घ्यावी, हे प्रश्न स्वतःच्या घराविषयी विचारणे कठीण असते. पडद्यावरील घराच्या निमित्ताने ते मोकळेपणाने बोलता येतात. अनेक कुटुंबांत मालिकेचा सर्वांत चांगला उपयोग हाच झाला आहे, आणि त्याचे श्रेय कथेइतकेच प्रामाणिकपणे मत मांडणाऱ्या प्रेक्षकांना आहे.

म्हणून जाहिरातींच्या वेळेतील ते बोलणे बंद होऊ नये. फक्त त्यानंतरचे पाऊलही उचलले जावे. आठवड्यातून एकदा घरातील सर्वांनी मिळून ठरवावे की कोणत्या मालिकेने या आठवड्यात काही दिले आणि कोणती केवळ सवयीने चालू राहिली. सवयीने चालू राहिलेली एक मालिका पंधरा दिवस बंद करून पाहावी. जी गेल्यावर खरोखर चुकल्यासारखे वाटेल ती पुन्हा सुरू करावी. जिची आठवणही होणार नाही, तिच्या अर्ध्या तासाला घरात दुसरे काम सापडेल: आजींकडून त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षाची हकिकत ऐकून घेण्याचे, किंवा दुकान कसे सुरू झाले ते नातवंडांना सांगण्याचे.